तळ्याचा वरचा वीतभर थर

आमच्या भूगर्भशास्त्र विभागात दोनच गोष्टी साचतात, दगड आणि किस्से. दगडाला निदान चिठ्ठी असते. कुठला, कोणत्या थरातला, कोणी आणला. किस्सा आपला चहाच्या टेबलावर येऊन पडतो, चार जण त्याला चार कोपरे लावतात आणि वर्षभरात तो मूळ कोणाचा होता हेही कळेनासं होतं. एका तळ्याचे किस्से मात्र मी वेगळे ठेवलेत. ते ऐकताना लोक हसतात. सांगताना मला अजून राग येतो, आणि राग ओसरला की नुसतं वाईट वाटतं.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. साताऱ्याच्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर, सांगलीची, नुकती एमएस्सी झालेली. विभागप्रमुख बर्वे सर, मूळचे पुण्याचे, निवृत्तीला टेकलेले. आणि लॅब असिस्टंट रावसाहेब, कडेगावकडचे, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. एवढ्यावर आमचा विभाग संपला.

*

बहात्तरच्या दुष्काळातला तो शेवटचा उन्हाळा. माण तालुक्यातल्या एका गावात ओढ्याकाठी खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं होतं. काळा कातळ काढता काढता खाली पांढरी माती लागली आणि त्या मातीत बायकांना दगडाच्या गोगलगायी दिसायला लागल्या. गावचे पोलीसपाटील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यातली एक रुमालात बांधून एसटीनं साताऱ्याला आले.

"सर, ही दगडात शिरली कशी?"

सर भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "ती नाही शिरली अण्णा. दगड तिच्यात शिरला."

मग सरांनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. तुमचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. एकदा लाव्हा आला आणि निवला. मग फार मोठा काळ शांततेत गेला. खोलगट जागेत पाणी साचलं, तळं झालं. त्यात शेवाळ आलं, गोगलगायी आल्या, मासे आले. तळाशी गाळ बसत गेला, तीच ही पांढरी माती. मग दुसऱ्यांदा लाव्हा आला आणि सगळ्यावर झाकण बसलं. या गोष्टीला सहा कोटी वर्षं झाली. "तुमच्या गावात तळं होतं अण्णा. चांगलं नितळ पाण्याचं."

अण्णांच्या गावाला तेव्हा टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. त्यांनी गोगलगाय परत रुमालात ठेवली आणि गाठ मारली.

"मंजी पयलं व्हतं," ते म्हणाले. "मग मधी आमी काय वंगाळ केलं, सर?"

*

जागा पाहिली तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. थर सगळा मिळून कमरेएवढा उंच. ओढ्यानं कापलेल्या काठात त्याचा तळ दिसत होता आणि खडीसाठी कातळ उचलला होता तिथं त्याचा माथा उघडा पडला होता, दोन अंगणं होतील एवढा. खाली तळ्याचा जन्म, वर तळ्याचं मरण, मधे त्याचं सगळं आयुष्य.

मला हवं होतं ते मरण. दुसरा लाव्हा आला तेव्हा तळं भरलेलं होतं की आधीच आटलं होतं? भरलेलं असेल तर मासे, गोगलगायी असतील तिथंच भाजून निघालेल्या सापडणार. आटलेलं असेल तर वाळल्या चिखलाच्या खुणा सापडणार. उत्तर होतं वरच्या वीतभर थरात, आणि तो उघडा होता फक्त त्या दोन अंगणांपुरता. बाकी सगळीकडे तो कातळाखाली गडप. तो कातळ पुन्हा कोणी उचलायचा तर गावात पुन्हा दुष्काळ पडायला हवा होता.

मी म्हटलं, वरून सुरुवात करू. सर म्हणाले, खालून.

"पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात, नलिनी."

"सर, शेवटचं पान उघड्यावर पडलंय. त्याच्यावरून शेरडं चाललीत."

"आधी शेवट वाचणारी तुमची पिढी."

"आणि पहिल्या पानावरच निवृत्त होणारी तुमची."

रावसाहेबांना एकदम खोकला आला. सरांनी त्या दिवशी डबा बाभळीखाली एकट्यानं खाल्ला आणि दुपारी काम सुरू झालं. खालून.

*

या मातीतले खरे साक्षीदार डोळ्याला दिसत नाहीत. माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, मग चाळणीवर जे उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिल्याच दिवशी मी उत्साहात दोन बादल्या पाणी मागितलं. मागितलं कोणाकडे, तर हौसाबाईकडे. हौसाबाई तिथं खडी फोडायला होती, चाळिशीची, मुंबईला मिलमध्ये नवरा, तोंडानं फटकळ.

"कशाला वं पानी?"

"माती धुवायची आहे."

तिनं हातातली हातोडी खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"बाई, हितं आमाला पोरांची तोंडं धुवाया पानी न्हाई, आन तुमी माती धुतायसा?"

आम्ही माती पोत्यांत भरली आणि साताऱ्याला आणून धुवायची ठरवली. एसटीत कंडक्टरनं पोत्यांकडे बोट केलं. "ह्यात काय?"

रावसाहेब पलटणीतला माणूस, विचारलं त्याचं सरळ उत्तर देणार. "तळं."

"कसलं तळं?"

"पुराना. छे करोड साल का."

कंडक्टरनं पोतं बुटानं ढोसून बघितलं. "वाळल्यालं दिसतंय."

मी मागून म्हटलं, "तेच तर ठरायचंय."

"ठरवा निवांत," तो तिकिटं फाडत म्हणाला. "वाळल्याला बी लगेज लागतंय."

*

चाळणीवर मात्र तळं जिवंत झालं. खसखशीएवढ्या बिया मिळाल्या, एकेकीवर मळसूत्रासारखे आटे. ही पाणवनस्पती संथ, उथळ पाण्यात वाढते, ऊन तळापर्यंत पोचावं लागतं. म्हणजे पाणी नितळ होतं, सर अण्णांना म्हणाले होते ते खरंच निघालं. राजगिऱ्याएवढे शिंपल्यातले जीव मिळाले. ते शेवाळावर जगणार आणि त्यांच्यावर छोटे मासे, त्या माशांचे खवले आणि दात मिळाले. कोण कोणाला खात होतं ते हळूहळू मला पाठ झालं. डबा खाताना मी त्यांचा विचार करायचे.

थरात जसजसं वर जावं तशा गोगलगायी खुरटत गेल्या होत्या. बिया कमी, खवले तर जवळजवळ नाहीतच. तळ्याचं काहीतरी बिनसलं होतं. आम्ही तेव्हा कमरेएवढ्या थराच्या निम्म्यात होतो आणि सर प्रत्येक बोटाच्या रुंदीवर थांबून नोंदी करत होते.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही ड्रॉइंगच्या मास्तरांना तळ्याचं मोठं चित्र काढायला सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांनी कमळं आणि राजहंस काढले. सर म्हणाले, तेव्हा राजहंस नव्हते. मास्तर म्हणाले, तळं म्हटलं की लोक राजहंस शोधतात. शेवटी राजहंस खोडले. पाणी झालं, मासे झाले, गोगलगायी झाल्या. मग मास्तरांनी ब्रश धुतला आणि विचारलं, "आभाळ कसलं करू? रखरखीत की लाव्हा आलाय असं लाल?"

सर म्हणाले, "ते अजून ठरायचंय. कोरं ठेवा."

प्रदर्शनाला शिक्षणखात्याचे साहेब आले. चित्रापुढे उभे राहिले आणि प्राचार्यांच्या कानात म्हणाले, "रंग संपले वाटतं."

*

त्या जुलैत मी दोन दिवस सांगलीला घरी गेले. बाबांनी न विचारता इस्लामपूरची मंडळी मला बघायला बोलावली होती. मुलगा गप्प होता. बोलत होते त्याचे मामा, साखर कारखान्याचे डायरेक्टर.

"काय करता?"

"एका तळ्यावर काम करते."

"कुठल्या?"

"माणमधल्या."

मामा सावरून बसले. "माणमध्ये तळं? पाणी किती हाय?"

बाबा मधेच म्हणाले, "ते जरा जुनं आहे."

"जुनं असू द्या की. लिफ्ट टाकली तर एकर किती भिजंल?"

मी सरळ सांगितलं, "ते तळं आटून मेलं की जळून मेलं, तेच अजून कळलेलं नाही."

पोहे तसेच राहिले. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी शिकलेली आहे, पण मरणाचं फार बोलते. मला हसू आलं. बाबांना नाही आलं. ते पेपर घडी करत म्हणाले, "पाणी आहे म्हणायला काय जात होतं तुझं?"

*

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. माणमध्ये बाजरी उभी राहिली, ओढा वाहिला. भाद्रपदात अण्णांचा निरोप आला की घरं सारवायला बायका पांढरी माती नेतायत, काय करायचं ते करा.

मी सरांना म्हटलं, चार तास बुडवू, आत्ता जाऊ, वरचा थर काढून आणू. सर म्हणाले, सहामाही परीक्षा तोंडावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळी बॅच घेऊन पद्धतशीर जाऊ, तोवर गावाला सांगून येऊ.

वाटेत मी त्यांना परोपरीनं सांगितलं. "सर, सरळ बोला. या मातीत हाडं आहेत, शिंपले आहेत, ते ज्या जागी आहेत त्याच जागी आम्हाला बघायचेत. हलवले की संपलं. एवढंच सांगा."

"शास्त्र सांगून खेड्यातला माणूस ऐकत नाही, नलिनी. त्याच्याशी त्याला कळेल अशा भाषेत बोलावं लागतं. तू अजून लहान आहेस."

खेड्यातला माणूस सरांनी जीपमधून पाहिलेला. रावसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मारुतीच्या देवळात गाव जमलं. सर फार सुंदर बोलले, हे मला कबूल करायलाच हवं. "ही माती साधी नाही. माणूस जन्माला यायच्या आधीची आहे. हिला कधी नांगर लागला नाही, कोणाचा पाय लागला नाही. हिला पवित्र समजा."

समोरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंस?"

अण्णा उठून उभे राहिले. "सर, पवित्र मंजी देवाच्या मातीवानी?"

"अगदी तशीच."

"मग पायतान घालून तिथं कुनी पाय ठेवनार न्हाई. गावाचा सबूद."

*

दसऱ्याला कॉलेज बंद होतं. त्या दिवशी मी हट्टानं दोघांना घेऊन गेले. मला नुसतं बघून यायचं होतं, जागेवर आहे ना एवढंच.

जागेवर नव्हतं. खडी उचलल्यावर उघडा पडलेला तो सगळा पांढरा माथा गेला होता. झाडून काढल्यासारखा. कडेनं उशिरा आलेल्यांनी खालचीही माती उकरली होती, कुदळीचे ओरखडे ताजे होते.

अण्णा लगबगीनं भेटायला आले. खुशीत होते. डोक्यावरच्या टोपीत घटाचे कोवळे पिवळे अंकुर खोचलेले. सांगायला लागले, दुष्काळात दोन वर्षं घट बसला तो नावाला, पेरायला धान्य नाही, घालायला पाणी नाही. यंदा पाऊस झाला, देवीचं चांगलं करायचं गावानं ठरवलं. घटाला चांगली माती लागते, नांगर-पाय न लागलेली. आणि सरांनी तर तीच दाखवून दिली होती. घराघरानं एकेक पाटी नेली. वाड्यावस्त्यांवरची माणसं आली. माहेरवाशिणींनी सासरी नेली.

"पर सर," अण्णा छातीला हात लावून म्हणाले, "सबूद मोडला न्हाई. येकानं बी पायतान घातलं न्हवतं."

रावसाहेब सरांच्या कानाशी म्हणाले, "ऑर्डर की पूरी तामील हुई, सर."

सर ओढ्याच्या काठावर बसले. त्यांच्या चपलांना पांढरी माती लागली होती, ती ते काटकीनं काढत होते. "दिवाळीत येणार होतो आपण," ते म्हणाले. जसं काही अजून यायचंय.

जूनपासून मी सरांना ऐकवायचं म्हणून खूप काही साठवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तेव्हा उपयोगाचं नव्हतं. आणि गावाला तरी काय म्हणायचं? दोन वर्षांनी त्यांच्या घरात पहिल्यांदा काहीतरी उगवलं होतं.

*

आता हा शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला.

सर म्हणाले, घरं बघू, एखादं ढेकूळ अखंड राहिलं असेल. आम्ही दारोदार गेलो. सगळीकडे तेच. घट सकाळीच उठले होते, परडीत माती होती, पण हातानं चुरलेली, चाळलेली, मऊ पिठासारखी. वर मुळ्यांचं जाळं. वरची आणि खालची, आधीची आणि नंतरची, सगळी एक झालेली. बायका आग्रहानं बसवत होत्या, आपट्याची पानं हातात देत होत्या. सर प्रत्येक परडीत बोट घालून बघायचे आणि "छान उगवलंय" म्हणायचे.

शेवटी हौसाबाईचं घर आलं. तिनं मला ओळखलं. "या मातीवाल्या बाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत या. तुमास्नी दावते."

देवघरात टाकांच्या शेजारी एक पांढरा चपटा दगड उभा करून ठेवला होता. हळद-कुंकवानं माखलेला, वर झेंडूचं फूल.

"समदी माती चाळली," हौसाबाई म्हणाली. "ह्यो तेवढा फोडूसा वाटंना. बघा की."

मी गुडघ्यावर बसले. कुंकवाखाली तीन बोटांचं पाऊल होतं. कोंबडीच्या पायापेक्षा थोडं मोठं. त्याच्या पुढे दुसरं, तसंच. दुसऱ्याची टाच जरा घसरली होती. ओल्या चिखलावरून कोणीतरी चालत गेलं होतं, पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या चिखलावरून.

"देवीच आल्ती," हौसाबाई म्हणाली, "पाखराच्या रूपानं."

हा दगड वरच्या वीतभर थरातला असेल तर झालं, उत्तर मिळालं, लाव्हा यायच्या आधीच तळं आटलं होतं. खालच्या उकरलेल्या मातीतला असेल तर काहीच नाही, भरल्या तळ्याच्या काठाला पाणी प्यायला आलेला कोणीतरी. दगड तोच, पाऊल तेच. फक्त कुठून उचलला, एवढंच हवं होतं.

सरांनी चपला बाहेर काढल्या होत्या. ते माझ्या शेजारी येऊन खाली बसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या आवाजात घाई मी पहिल्यांदाच ऐकली.

"हौसाबाई, नीट आठवून सांगा. हा वरचा की खालचा?"

हौसाबाईनं झेंडू सरळ केला आणि पदर डोक्यावरून घेतला.

"आवं सर, देव कुटं वरचा-खालचा असतोय व्हय?"